शब्दचर्चा : डीव्हीडी 'बर्न' करणे – जाळावी, कोरावी की लिहावी?

पाटीपेन्सिल
टीव्हीवरचे कार्यक्रम संगणकावर घेऊन त्यांची डीव्हीडी कशी करायची, याची कृती मराठीत लिहायला घेतली आहे. 'बर्न'पाशी गाडी अडली. 'जाळणे' नकोच, 'कोरणे' बरा वाटतो. कॅप्चर, इंटरलेस्ड, ऑथरिंग आणि फायनलाइज यांनाही शब्द हवेत.

तांबडा किरण
'कोरणे' कानाला गोड आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. दुकानात मिळणाऱ्या चित्रपटाच्या डीव्हीडीत साच्याने दाबून खळगे उठवलेले असतात, ती 'छापील'. घरी एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरमध्ये कोरले काहीच जात नाही. आत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर जोर वाढवून तो रंग ठिकठिकाणी कायमचा बदलतो. म्हणजे हे शाईचेच काम. शिवाय रिकाम्या चकतीला आपण 'कोरी' म्हणतोच, आणि कोऱ्यावर लिहितात. 'कोरी डीव्हीडी कोरा' हे वाक्य कृतीत मोठ्याने वाचून बघा!

पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूचा थर धातूंच्या मिश्रणाचा असतो. लेसर तो तापवतो आणि तो किती वेगाने गार होतो त्यावर त्याची अवस्था ठरते, म्हणून सुमारे हजार वेळा पुसून लिहिता येते. आर हा कागद, आरडब्ल्यू ही पाटी. पहिला प्रयोग पाटीवर करा, असे कृतीत जरूर घाला.

गल्लीबोळ
बोलताना 'सीडी मारून दे' हेच रूढ आहे. शिक्का मारतो, झेरॉक्स मारतो, तसेच. गंमत म्हणजे 'बर्न झाली' म्हणजे काम फत्ते आणि 'जळाली' म्हणजे चकती वाया.

दिवसाआड
कॅप्चरला 'उतरवून घेणे'. वहीतून उतरवून घेतो तसे. यात एक अर्थच्छटा आपोआप येते : समोरचा थांबत नाही, तुम्हाला त्याच्या वेगाने लिहावे लागते. टीव्हीचे चित्र संगणकात घेणाऱ्या ट्यूनर कार्डाचेही तेच. हार्ड डिस्कवर दुसरे काही काम चालू असेल तर मधली चित्रे 'गळतात' (ड्रॉप्ड फ्रेमला 'गळणे'च म्हणा) आणि मग आवाज व ओठ यांची फारकत होते. उतरवताना व्हायरस तपासणी बंद ठेवायची ती यासाठी.

कृतीत हेही हवे : आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीसाठी चित्राचे माप ७२० × ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रे, चित्र साठवायची पद्धत एमपेग-२, आवाज ४८ किलोहर्ट्झ. आवाज ४४.१ ठेवलात तर तो नियमात बसत नाही आणि पुढे पुन्हा बदलावा लागतो. हार्ड डिस्कची मांडणी (फाइल सिस्टिम) फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. सेकंदाला ६ मेगाबिट दराने साधारण दीड तासात रेकॉर्डिंग मध्येच थांबते. मांडणी एनटीएफएस करून घ्या. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर अ‍ॅनालॉग केबल बंद झाली, पुढे इतरत्रही, त्यामुळे आता कार्डाच्या ट्यूनरवर वाहिन्या शोधण्यात अर्थ नाही. सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन किंवा एस-व्हिडिओ कार्डात घाला आणि वाहिनी बॉक्सवरूनच बदला.

इंटरलेस्डला 'रेषाआड'. 'दिवसाआड पाणी' कळणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सेकंदाला ५० अर्धी चित्रे, प्रत्येकात २८८ रेषा, एकदा विषम तर एकदा सम. संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात ते यामुळेच. लोक घाबरून डीइंटरलेस करतात, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करून टाकतात. डीव्हीडी टीव्हीवर बघायची असेल तर ते करू नका, अर्धी हालचाल फुकट जाते. मात्र विषम-सम क्रम उलटा लागला तर टीव्हीवर धावणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. हा दोष फणीच्या दातांपेक्षा वेगळा, त्याला 'क्रम उलटणे' म्हणावे.

पाटीपेन्सिल
आणि ऑथरिंग? 'लेखन' म्हटले तर बर्नशी गल्लत होते.

तांबडा किरण
'बांधणी'. पुस्तकबांधणीत मजकूर बदलत नाही, फॉर्म लावून शिवतात. इथेही तेच : प्रकरणे पाडायची, सूची करायची आणि व्हिडिओ_टीएस फोल्डरात आयएफओ, बीयूपी व व्हीओबी फाइली तयार करायच्या. सॉफ्टवेअर या पायरीला तासन्‌तास घेत असेल तर ते नुसते बांधत नाही, चित्र पुन्हा दाबते (कॉम्प्रेस करते) आहे असे समजा. मूळ फाइलीची मापे चुकली असणार. बांधणी न करता नुसती एमपेग फाइल चकतीवर टाकली तर ती डेटा डीव्हीडी होते आणि जुने प्लेअर तिला हातही लावत नाहीत.

माप : ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, विंडोज ती ४.३७ दाखवते. चकती खोटी नाही, मोजपट्टी वेगळी आहे. आवाज धरून सेकंदाला ५ मेगाबिट ठेवले तर दोन तास बसतात.

दिवसाआड
फायनलाइज म्हणजे 'मोहोरबंद करणे' : लिहून झालेली चकती इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद करणे. संगणकावर व्हिडिओ डीव्हीडी एका दमात लिहिली की सहसा ती आपोआप होते. टीव्हीशेजारच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर मात्र हे स्वतंत्र बटण असते; विसरलात तर ती चकती बहुतेक दुसऱ्या प्लेअरमध्ये चालत नाही.

गल्लीबोळ
'लिहिणे' घेतलेत तर एक धोका आहे. 'डीव्हीडीवर लिहा' वाचून कोणीतरी बॉलपेन काढेल.

तांबडा किरण
म्हणून 'डीव्हीडी लिहिणे', 'वर' नको. पेनाने लिहायचे त्याला 'नाव घालणे', भांड्यांवर घालतो तसे. तेही मऊ टोकाच्या सीडी मार्करने. डीव्हीडीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो म्हणून ती थोडे सोसते. सीडीचा थर वरच्या लॅकरखालीच असतो, बॉलपेन थेट त्याच्यावर उठते. कागदी लेबल दोन्हींवर नको, तोल जातो.