शांतता हे दुबळ्यांचे स्वप्न आहे काय?

फोंडेकर: माणूस हिंसेवाचून राहत नाही आणि शांतता हे दुबळ्यांचे स्वप्न आहे, हे गोव्याने स्वतः अनुभवले आहे. १९४६ पासून सत्याग्रह चालले होते. पोर्तुगीज गेले ते १९६१ च्या डिसेंबरात सैन्य उतरल्यावर, दोनच दिवसांत.

पेडणेकर: ‘दुबळे’ हा शब्द मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी आणि इतर सीमांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या, वीसहून अधिक माणसे गेली. माझे आजोबा त्या दिवशी सीमेजवळच्या बांद्याला होते. चिखलातून त्यांनी उचलून आणलेल्या एका मुलाच्या मुठीत झेंड्याची काठी होती आणि ती सोडवताना त्याची बोटे एकेक करून उलगडावी लागली, हे सांगताना आजोबांना पुढचे वाक्य कधी पुरे करता आले नाही. त्या मुलाला आपण दुबळा म्हणता? शिवाय शेवटपर्यंत लढा, शरण जाऊ नका, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम असताना गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि त्यापायी त्यांना लष्करातून बडतर्फ व्हावे लागले. दोन दिवसांत युद्ध मिटले त्यात या नकाराचाही वाटा आहे.

फोंडेकर: त्या मुलाविषयी मला आदरच आहे. परंतु सैन्य दारात आले नसते, तर गव्हर्नरला हा विवेक सुचला असता काय? गोळीबारानंतर दिल्लीने सत्याग्रहच थांबवले. पुढची सहा वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्यांना शांततेने काय दिले, तेही सांगा.

म्हापशाची शिक्षिका: आपण दोघेही परक्यांच्या गोळ्यांविषयी बोलत आहात. राजभाषा कोकणी की मराठी, या १९८६ च्या भाषावादात आपलीच माणसे आपल्याच माणसांवर उठली, रस्त्यांवर झाडे आडवी पडली, जीव गेले. आमच्या घरी मराठी वर्तमानपत्र येते एवढ्या कारणावरून रात्री कौलांवर दगड आले आणि फुटलेल्या कौलाचा तुकडा माझ्या धाकट्या भावाच्या पाटावर पडला. तेव्हा पोर्तुगीज कुठे होते?

फोंडेकर: मराठीवर अन्याय झालाच. राजभाषा कायद्यात तिला दुय्यम स्थान मिळाले, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

मडगावकर: आणि कोकणी बोलणाऱ्यांच्या घरांवर दगड पडले नाहीत काय? माझ्या वडिलांच्या कपाळावर चार टाके पडले होते. आपल्या जखमा तेवढ्या मोजायच्या, हा खोटेपणा आता पुरे.

म्हापशाची शिक्षिका: खोटेपणा हा शब्द मागे घ्या. मी पाहिले ते सांगितले. तुमच्या वडिलांचे मला ठाऊक नव्हते. त्यांना लागले याचे मला मनापासून वाईट वाटते.

मडगावकर: शब्द मागे घेतो. अन्याय झाला या म्हणण्याशी मात्र मी सहमत नाही.

पेडणेकर: मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. माणूस हिंसक आहे, हे मलाही नाकारता येत नाही, कारण तीस वर्षांत शेजारी शेजाऱ्यावर दगड उचलू शकतो, हे या चर्चेतच दिसले. फोंडेकरांनी आपला ‘दुबळे’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा.

फोंडेकर: त्या मुलापुरता घेतला. बाकी माझे मत कायम आहे.

म्हापशाची शिक्षिका: दगड मारणाऱ्यांत आमचा शेजारी होता. चार वर्षे तो चवथीला, गणपतीला, आला नाही. पाचव्या वर्षी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या चौकटीसाठी, सुपारीचे शिपटे घेऊन दारात उभा राहिला. आईने काही न विचारता ते हातात घेतले. भाऊ मात्र आजही त्याच्याशी बोलत नाही.