ऑनलाइन ताण-व्यवस्थापन : विशेष मुलांच्या पालकांना आधार की आणखी एक गृहपाठ?

मानेवाड्याची आई
मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. त्याच्या थेरपी सेंटरने पालकांसाठी ताण-व्यवस्थापनाचा ऑनलाइन वर्ग सुरू केलाय, रात्री साडेआठला. ती आमची जेवणाची वेळ, आणि नंतर झोपवायची झटापट बारापर्यंत. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या." मी डोळे मिटले की हा गॅलरीचं दार उघडतो!

ताण हाताळायला शिकवण्याआधी आठवड्यातून तीन तास माझं मूल कोणीतरी सांभाळा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत रेस्पाइट केअर आहे, म्हणजे काही काळ मूल दुसऱ्याने सांभाळायची सोय. यावर कोणी वर्ग घेत नाही. श्वास फुकट आहे, म्हणून सगळे श्वासच शिकवतात.

काटोलचा बाबा
ताई, तुम्ही शहरात राहून बोलून राहिल्या. माझ्या पोरीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला उचलून एसटीने नागपूरला आणायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, मे महिन्यात तर विचारूच नका. समुपदेशकासाठी वेगळी खेप कोण करेल? इथे गावात कोणाकडे गेलो तर संध्याकाळपर्यंत चौकात माहीत होते.

बायको असाच एक वर्ग इअरफोन लावून ऐकते. त्यात एक आई म्हणाली, "मला कधीकधी पोराचा राग येतो, मग स्वतःचा येतो." आमची रडली. आपण एकट्याच वाईट नाही, हे तिला तिथे कळलं. मोबाइल नसता तर कुठे कळलं असतं?

जुना धंतोलीकर
आमच्या आईने पाच पोट्टे वाढवले, त्यात एक असाच होता. काहून पाहिजे हे वर्ग?

मानेवाड्याची आई
काका, घरात आजी, दोन काकू, आत्या होत्या ना? तेच तर मागून राहिले मी.

विशेष शिक्षिका, हिंगणा रोड
दोघांशीही अर्धवट सहमत. जागतिक आरोग्य संघटनेचा अशा पालकांसाठी एक प्रशिक्षणक्रम आहे: नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी. पालकांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचा भाग त्यातच आहे, पण मुख्य भर मुलाशी खेळायचं कसं, संवाद वाढवायचा कसा, यावर. शू लागली हे मूल बोट दाखवून सांगू लागलं की घरातला ताण जेवढा उतरतो, तेवढा श्वासाने नाही उतरत. नुसता 'रिलॅक्स व्हा' वर्ग म्हणूनच फोल वाटतो.

पण ऑनलाइनला नावं ठेवू नका. थेट वर्ग जमत नसेल तर पाच-दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग मागा, मूल शाळेत असताना ऐका. अगदीच असह्य झालं तर टेलीमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

आणि एक विचारू का? या वर्गांच्या स्क्रीनवर सगळ्या आयाच का असतात?

काटोलचा बाबा
मॅडम, लागलं. पण मी रात्री दुकान बंद करून नऊला घरी येतो. रविवारी ठेवा, बसतो.

मानेवाड्याची आई
रेकॉर्डिंगचं पटलं, मागते. पण मूळ मागणी सोडणार नाही. वर्ग झाला की सेंटर 'पालक सहभाग' म्हणून टिक करते आणि विषय संपतो. पुढच्या बैठकीत त्याच तासाला सेंटरमध्ये मुलांना सांभाळायची सोय करा म्हणणार आहे. आम्ही त्यांच्याच दुसऱ्या खोलीत बसून लॅपटॉपवर वर्ग ऐकू, हवं तर.

हुडकेश्वरची मावशी
सेंटरची वाट काहून पाहता? आपण जवळच राहतो. एक शनिवार तुमचा मुलगा माझ्याकडे, पुढचा शनिवार माझी भाची तुमच्याकडे.

विशेष शिक्षिका, हिंगणा रोड
कल्पना चांगली, पण सांभाळून. भाचीला फिट येतात का? आल्या तर काय करायचं, औषध कोणतं, दवाखाना कोणता, हे लिहून द्या. आधी दोन-तीनदा दोघी मिळून बसा, मुलं एकमेकांच्या घराला सरावू द्या.

हुडकेश्वरची मावशी
येतात, वर्षातून एखादी. कागद करते. ताई, तुमच्या गॅलरीच्या दाराला वरून कडी आहे का?