मदत हवी आहे: कर्जत-म्हसा-मुरबाड-बदलापूर ग्रुप राईड

नमस्कार मंडळी,

मुलुंड-ठाण्यातला आमचा छोटासा सायकल क्लब आहे. जानेवारीतल्या एका रविवारची राईड आखायचं काम या वेळी माझ्या गळ्यात पडलंय. एरवी खोपोलीचा जुना घाट चढून खंडाळा, हे ठरलेलंच. घाटाशी माझं वैर नाही, शिंगरोबाच्या देवळापाशी थांबून खाली बघायला मजा येते. पण त्या चढावर पुढचे आणि मागचे पार तुटतात. पुढचे वर पोचून चहा पितात, थंडीत गारठतात आणि मागचे आले रे आले की "चला, निघू या" म्हणतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची खरी गरज, त्यांनाच ती मिळत नाही.

म्हणून यंदा सलग मोठा चढ नको, चढउतारांचा रस्ता हवा. ठाण्याहून पहाटेच्या लोकलने कर्जत, तिथून कशेळे, म्हसा, मुरबाड, मग बारवी धरणावरून बदलापूर आणि परत लोकल. अंदाजे 70 ते 75 किलोमीटर. मुरबाडपर्यंत उजवीकडे सह्याद्रीची भिंत, सिद्धगड-गोरखगडाचे सुळके दिसत राहतात. रोडबाईकवाले आहेत, हायब्रिडवाले आहेत आणि साठी ओलांडलेले एक काका बिनगिअरच्या सायकलवर येतात (उतारावर त्यांना कुणी गाठून दाखवावं!).

विचारायचं असं:
मालडब्यातून इतक्या सायकली एकदम नेता येतील का? लोक मध्ये थांबवायचे कुठे? आणि माझ्या सायकलला पुढे 34 दात्यांचं चक्र, मागे मोठ्यात मोठं 28 दात्यांचं आहे. या रस्त्याला पुरेल की कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलू? डिस्क ब्रेक नाहीत, साधे रिम ब्रेक आहेत.

मुरबाडकर:
ताई, आधी पंचांग बघा. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. मोठा बैलबाजार भरतो. टेम्पो, बैल, घोंगड्यांची दुकानं, सगळं रस्त्यावर. जत्रा बघायला जरूर या, पण सायकलचा ग्रुप घेऊन त्यातून जायचा विचार सोडा.

दुसरं म्हणजे वीटभट्ट्या. या दिवसांत त्यांचा हंगाम असतो. ट्रक जिथे शेतातून रस्त्यावर चढतात तिथे डांबरावर लाल मातीचा बारीक थर बसलेला असतो. पहाटे दवाने तो ओला झाला की वळणावर चाक सरकतं. तिथे सायकल वाकवू नका, ब्रेक वळणाच्या आधीच मारून घ्या.

आणि मुरबाड शक्य तितक्या लवकर सोडा. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी समुद्राकडून सुटतो. बदलापूरकडे येताना तो समोरून तिरका लागतो. दमलेल्या माणसाला तेवढा चढापेक्षा जास्त छळतो.

वळणवेडा:
28 या रस्त्याला पुरेल. 34-28 वर 60 केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ठेवलंत तर वेग साधारण ताशी 9 किलोमीटर पडतो. चढ छोटे आहेत, तेवढं निभतं. खोपोलीला गेलात तर मागे 34 ची कॅसेट घ्या, मात्र डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा मागचा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड दांडीचा असेल तर ती चालणार नाही, आधी दुकानात दाखवा. रिम ब्रेकची काळजी नको. उतारावर सतत घासत ठेवू नका, दाबा-सोडा करा.

मालडबे लोकलला एकाहून जास्त असतात, तेव्हा आधीच विभागून उभे राहा. सायकलची पावती घ्या. परतीचं मात्र जपून: रविवार आहे, मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघूनच निघा.

थांब्यांबद्दल तुमचंच गाऱ्हाणं तुम्हाला उत्तर देतंय. शेवटचा माणूस पोचल्यापासून दहा मिनिटं मोजायची, पहिल्यापासून नाही. कशेळे, म्हसा, मुरबाड हे तीन थांबे पुरेत. सगळ्यांच्या मागे एक दमदार माणूस हवा, पंक्चरचं सामान आणि पंप त्याच्याकडेच. जोरात जाणाऱ्यांना पुढे सोडा, पण थांबा ओलांडू देऊ नका.

धागाकर्ती:
मुरबाडकर, जत्रेचं डोक्यातच नव्हतं, तारीख बदलते. वळणवेडा, दहा मिनिटांचा नियम आजच ग्रुपवर टाकला, पुढे पळणाऱ्या दोघांनी लगेच तोंड वाकडं केलंय. त्यांनाच आळीपाळीने मागे ठेवणार आहे.

एक राहिलं. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. कर्जतहून सहाला निघालो तर तासभर अंधारच. दिवे सगळ्यांकडे आहेत, पण कर्जत ते कशेळे रस्त्याला खड्डे कितपत आहेत? या पावसाळ्यानंतर कुणी गेलं असेल तर सांगा. फार असतील तर स्टेशनवर वडापाव खाऊन उजाडल्यावरच निघू.

मुरबाडकर:
उजाडल्यावरच निघा. खड्ड्यांचं सोडा, अंधारात पेंढ्याने भरलेले टेम्पो येतात, त्यांचे मागचे दिवे पेंढ्याखाली झाकलेले असतात.