कॉन्टेसा १.८ चं इंजिन: फुल बोअर, हेड घासणं की सरळ डिझेल?

राजेंद्रनगरचा कॉन्टेसावाला

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. घरात १९९३ ची हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक १.८ आहे, म्हणजे १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची. वडिलांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे. डेंटिंग-पेंटिंग झालं, आता इंजिनाची पाळी.

सकाळी सेल्फ मारला की निळा धूर येतो, मग कमी होतो. मानपूरचा घाट उतरताना पाय उचलून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग. चढताना तिसऱ्या गिअरलाही दम लागतो. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जातं. चारही सिलिंडरांचं कंप्रेशन (आतला दाब) घेतलं: १२२, ९५, १२०, १२४ पौंड. दोन नंबरात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तर ११८ आलं.

एक मिस्त्री म्हणतात, खोलूच नका, डिझेल इंजिन बसवून देतो. दुसरे म्हणतात, फुल बोअर करू (सिलिंडर जमेल तेवढे मोठे कापू) आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, निघेल तेवढं घासू, गाडी उडेल. या गाडीला लोक भारताची मसल कार म्हणतात. ती चालवतानाही थोडी तशी वाटावी अशी माझी फार इच्छा आहे. वेबर कार्बोरेटर, हेडर (एक्झॉस्टचे खास पाइप), कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) असं बरंच वाचून झालंय. खर्च एकदाच करणार आहे. सुरुवात कुठून करू?

बडोद्याची अँबी

माझ्याकडे अँबॅसडर आहे, जुन्या १४८९ सीसी बीएमसी इंजिनाची. सुरुवातीच्या कॉन्टेसात हेच इंजिन होतं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये १९५५ साली एमजीए ही स्पोर्ट्स कार आली, तिच्यातही हेच १४८९ सीसी. पण दोन एसयू कार्बोरेटर, जास्त कंप्रेशन आणि वेगळं हेड यांच्या जोरावर तिथे ६८ आणि पुढे ७२ अश्वशक्ती निघाली. बोअर (सिलिंडरची रुंदी) तोच, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) तोच. म्हणून बोअर वाढवून ताकद येईल असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली सीलं त्यात फुगतात किंवा तडकतात. इंजिन बाहेर आहे तोवर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप विटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) करून टाका. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं भांडं कोरडं करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

खरादवाले काका

बोअरिंग-होनिंगचं (सिलिंडर कापून घासायचं) काम मी इंदुरात आयुष्यभर केलं, आता मुलगा बघतो. तुमचा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवलं नाही. गाडी बंगालमधल्या उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातली असली तरी हे इसुझूचं १.८ इंजिन हिंदुस्तान मोटर्स आपल्या पीथमपूरला बनवत असे. म्हणजे ते इथलंच आहे. ते काढून गाडीत डिझेल घालणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही.

तुमच्या आकड्यांत दोन वेगळे आजार दिसतात. दोन नंबरचं ९५ ऑइल टाकल्यावर ११८ झालं, म्हणजे तिथे रिंगा किंवा बोअर गेलाय. पाय उचलून पुन्हा दाबल्यावर येणारा ढग मात्र वॉल्व्ह गाइड (वॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) आणि सीलांचा असतो. उतारावर इनटेकमध्ये ओढ वाढते आणि गाइडमधून ऑइल खाली खेचलं जातं. म्हणजे वरचं आणि खालचं, दोन्ही कामं आहेत. खोलण्यापूर्वी लीकडाऊन टेस्ट करून घ्या. दोन नंबरात हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

आता फुल बोअर. तुमचा बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ८२, मिळून १८१७ सीसी. एक मिलिमीटर वाढवून ८५ केला तर होतात १८६१. मिळाले ४४ सीसी, अडीच टक्केसुद्धा नाहीत. आणि त्यासाठी भिंत पातळ केली. पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) घालण्यावाचून इलाज उरत नाही. ज्या मापात बोअर साफ निघेल ते सगळ्यात लहान माप घ्यायचं. पाव मिलिमीटरमध्ये निघत असेल तर पावच.

बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजायचा, प्रत्येक ठिकाणी लांबीतून आणि आडवा. झीज सगळ्यात जास्त वरच्या बाजूला असते, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते. तिथे नख फिरवलं तरी कड लागते. हे आकडे कागदावर लिहून मागा. जो आकडे देत नाही त्याच्याकडे ब्लॉक टाकू नका.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरची मशीन लावू द्यायची नाही, हा माझा हट्ट आहे. बाजारात जुन्या मालाचे सेट मिळतात आणि डब्यावर एक, आत दुसरं, असंही होतं. पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, पिस्टनवाल्यानं सांगितलेला गॅप त्यात मिळवायचा आणि त्या मापाला बोअर आणायचा. शेवटचा थोडा माल होनिंगनं काढायचा, जाळी तिरकी आणि सारखी दिसली पाहिजे. मग रिंग बोअरमध्ये घालून पिस्टननं सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधला गॅप फिलर गेजनं बघायचा. ८४ च्या बोअरला वरच्या रिंगेचा गॅप साधारण ०.३३ मिलिमीटर लागतो. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते.

होनिंगनंतर ब्लॉक नुसता रॉकेलनं पुसून देतात, तिथे चांगलं काम वाया जातं. दगडाची भुकटी त्या जाळीत बसलेली असते, रॉकेलनं ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं फिरवून बघा, राखाडी उमटलं की पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघालं की लगेच ऑइल लावा, नाहीतर गंज चढतो. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या.

क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) मोजल्याशिवाय घासायचा नाही. जर्नल (त्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मापात असेल तर पॉलिश पुरे. घासावाच लागला तर जर्नलच्या कडेची गोलाई तशीच राहिली पाहिजे. तिथे काटकोन झाला की पुढे तिथूनच तडा जातो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड सराफ्यातल्या बारीक तराजूवर तोलून चारही सारखे करून घ्या. पैसे फार लागत नाहीत आणि वरच्या आरपीएमला फरक जाणवतो.

हेड निघेल तेवढं घासायला माझा साफ नकार आहे. पट्टी ठेवून वाक किती आहे बघायचं आणि तेवढंच काढायचं. या इंजिनात कॅम वर आहे. हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं आणि कॅम टायमिंग मागे पडतं. शिवाय कंप्रेशन फार वाढवलं तर मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, चौथ्या गिअरला टकटक (पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज) सुरू होईल.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा वॉल्व्ह. गरम होते म्हणून आपल्याकडे तो काढून फेकतात. तो परत बसवा. ब्लॉकचे वेल्श प्लग (भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढून आतला खार साफ केला आणि रेडिएटर मोकळा असला तर थर्मोस्टॅटमुळे गाडी गरम होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि नव्या रिंगा अकाली जातात.

राजेंद्रनगरचा कॉन्टेसावाला

काका, मनापासून आभार. लीकडाऊन केली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ऑइलच्या झाकणातूनच हवा येतेय. डिझेलचा विषय संपला. आता ताकदीचं सांगा. कॅम बदलू का? आणि वेबर?

लष्कर ग्वाल्हेर

मध्येच बोलतो. डिझेलचा विषय संपवलात ते कागदपत्रांच्या दृष्टीनंही बरं झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि आरसीवर इंधनही बदलावं लागतं. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाणार. तिथे इंजिन नंबर बघतात. म्हणून ब्लॉकचं फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) करायला देताना नंबर कुठे कोरलाय ते खरादवाल्याला बोट ठेवून दाखवा. घासला गेला तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील.

खरादवाले काका

ग्वाल्हेरकर बरोबर बोलले.

कॅम मूळचाच ठेवा, फक्त त्याचे लोब (उंचवटे) मोजा. मोठ्या कॅमनं ताकद वरच्या आरपीएमला सरकते. तुम्हाला घाटात आणि पलासियाच्या सिग्नलवर दोन ते साडेतीन हजारांत जोर हवाय, तिथे तो उलट कमी होईल. तो पैसा हेडमध्ये घाला: नवे गाइड आणि सील, सीट तीन कोनांत कापलेल्या, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं गॅस्केटशी जुळवलेली. मग फोर-टू-वन हेडर आणि पॉइंट (ठिणगीचे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. एवढ्यानंच कागदावरचे ८८ घोडे परत मिळतील आणि वर थोडे, आणि ते तुम्हाला घाटात कळतील.

वेबर सगळ्यात शेवटी. रिंगा बसायच्या आत त्याचे जेट लावत बसू नका. रन-इन (नवं इंजिन मुरवणं) झाल्यावर लॅम्डा मीटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा) लावून, चढावर, पूर्ण थ्रॉटलला बघा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, मेन जेट एखादा नंबर मोठा लागेल.

पहिल्या स्टार्टच्या आधी कॅमच्या लोबना असेंब्ली ल्यूब लावा, प्लग काढून सेल्फ फिरवा आणि ऑइल प्रेशर आल्यावरच प्लग बसवा. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, सिंथेटिक आता नको. चालू झाली की आयडलवर घुटमळत ठेवू नका, रस्त्यावर काढा. चौथ्या गिअरला मध्यम थ्रॉटल देऊन वेग वाढू द्या, पाय उचला, पुन्हा द्या. रिंगा दाबाखालीच बसतात. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन थंड असताना टॅपेट (वॉल्व्हचा गॅप) तपासा आणि कंप्रेशन परत घेऊन चारही आकडे इथे टाका.