अमेरिकेत कॉलेज आणि युनिव्हर्सिटी यांत नेमका फरक काय?

प्रश्न: पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. तिथलं कॉलेज एखाद्या युनिव्हर्सिटीशी संलग्न असतं का? आणि दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं स्थानिक कॉलेज) काढून पुढे बदली घेतली तर क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे मिळालेले एकक, वाया जातात का?

उत्तर १: संलग्नतेची पद्धत तिथे नाही. कॉलेज स्वतःची पदवी स्वतः देतं. नावावर तर अजिबात जाऊ नका: डार्टमथ कॉलेज, बॉस्टन कॉलेज इथे पीएचडीसुद्धा होते. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर ही लिबरल आर्ट्स कॉलेजं. तिथे भर पदवीवर, वर्ग लहान. 'आर्ट्स' म्हणजे फक्त कला नव्हे, गणित-भौतिकशास्त्रही असतं. इंजिनिअरिंग मात्र बऱ्याच ठिकाणी नसतं (स्वार्थमोरला आहे).

उत्तर २: सरकारी की खासगी हेही नावावरून कळत नाही. सिअ‍ॅटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सरकारी, सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी खासगी. सरकारी म्हणजे स्वस्त, हे त्या राज्यातल्या रहिवाशांपुरतं खरं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सहसा राज्याबाहेरचाच दर लागतो. तेव्हा फी बघताना 'आउट ऑफ स्टेट'चा रकाना वाचा.

उत्तर ३: बदलीबद्दल. बॅचलर्सला साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट, कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६०. घोळ होतो तो असा: साठच्या साठ मान्य होतात, पण मुख्य विषयात न धरता नुसते 'इलेक्टिव्ह' (ऐच्छिक विषय) म्हणून. मग तिसऱ्या वर्षी पायाभूत विषय पुन्हा घ्यावे लागतात आणि पदवी लांबते. म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवा, मग विषय निवडा. कॅलिफोर्नियात असिस्ट या संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठे कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसना प्रवेशाची हमी देणारा 'टॅग' करार आहे, अर्ज सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पसला. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. क्वार्टर पद्धत (वर्षात दोन सेमिस्टरऐवजी त्याहून लहान सत्रं) असेल तर ६० सेमिस्टर क्रेडिटचे ९० होतात, दचकू नका.

प्रश्नकर्ता: आणि मान्यता कशी तपासायची?

उत्तर ३: संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका, अमेरिकी शिक्षण खात्याच्या यादीत नाव शोधा. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबाबत आणखी एक करा: जिथे पुढे जायचंय त्या युनिव्हर्सिटीला ईमेल करून अशा संस्थेचे क्रेडिट घेता का, ते लेखी विचारा. मान्यता असूनही नकार मिळतो. इंजिनिअरिंगला अ‍ॅबेट या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता त्या-त्या शाखेला असते, अख्ख्या कॉलेजला नाही. आणि विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म फक्त सेव्हिपने (परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अमेरिकी सरकारी कार्यक्रम) प्रमाणित केलेली संस्थाच देऊ शकते.