राज्य गेल्यावरही स्पॅनिश लोक क्युबात का गेले?

प्रश्न: शाहूपुरीच्या गूळबाजारात लहानाचा मोठा झाल्यामुळे मला उसाच्या इतिहासाचे कुतूहल आहे. १८९८ मध्ये स्पेनने क्युबा गमावल्यावरही लाखो स्पॅनिश लोक तिथे कसे गेले?

उत्तर १: राज्य गेले तरी भाषा, नातीगोती आणि साखरेचा पैसा तिथेच होता. स्पेनच्या वायव्येकडील गॅलिसिया प्रांतात वाटण्या होत होत शेतीचे इतके तुकडे पडले होते की धाकट्या मुलांच्या वाट्याला फारसे काही उरत नसे. शिवाय मोरोक्कोतील युद्धासाठीची सक्तीची लष्करभरती चुकवायला अनेक तरुण जहाजात बसत. क्युबाच्या राजधानीत, हवानात, आधी गेलेला काका पुतण्याला दुकानात ठेवून घेई आणि तो पोरगा रात्री तिथेच अंथरूण टाकी. आपल्याकडच्या पेढ्यांवर याहून वेगळे काय होते?

उत्तर २: थोडी भर घालतो. उसाच्या फडात हैती व जमैकाचे मजूरही मोठ्या संख्येने होते. स्पेनच्याच कॅनरी बेटांवरून आलेले बरेच लोक तंबाखूच्या शेतीकडे वळले. क्युबाचे क्रांतिकारी नेते फिडेल कॅस्ट्रो यांचे वडील गॅलिसियाचेच. स्पेनचे सैनिक म्हणून क्युबात आलेले, स्पेनने क्युबा गमावलेल्या युद्धानंतर मायदेशी जाऊन पुन्हा परतलेले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग हा ओघ आटला कधी?

उत्तर १: साखरेचे भाव कोसळले, त्यातच १९३३ च्या कायद्याने निम्मे कामगार क्युबात जन्मलेलेच असावेत, असे बंधन आले.