मदत हवी आहे: घर नाकारलं, आता थेट वकील गाठू का?

नमस्कार मंडळी,

भाड्याने घर शोधतोय. एका ठिकाणी फोनवर सगळं ठरलं, मालक म्हणाले "उद्या येऊन चावी घ्या". मग आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि दोन सेकंद शांतता. "अहो, ते घर कालच गेलं."

संध्याकाळी जाहिरात जशीच्या तशी होती. मित्राने वेगळ्या आडनावाने फोन केला, तर घर रिकामं! दलालाचा मेसेजही आला होता, "मालकांना तुमच्यातले नको आहेत". पाच मिनिटांत त्याने तो पुसला, पण स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलंय. (रागाच्या भरात दलालाला चार शब्द सुनावणार होतो, बायकोने फोन काढून घेतला. बरं झालं.)

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम ७ समानतेचं आहे हे माहीत आहे, पण त्याने घराचं कुलूप उघडत नाही.

आधी स्वतःच लेखी तक्रार करावी की वकिलाला दाखवूनच पहिलं पत्र पाठवावं? भीती अशी की मीच काहीतरी चुकीचं लिहून बसेन. तक्रारीला मुदत असते, म्हणून फार थांबायचंही नाही. शिवाय मित्राचा कॉल रेकॉर्ड झालाय, तो वापरायच्या आधी विचारलेलं बरं ना? मोफत कायदेशीर सल्ला कोणी घेतला असेल तर पहिल्या भेटीला काय काय नेलंत?